आपली वस्ती, आपले आरोग्य : धोका कसा ओळखावा?



२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावरचा आपला हक्क जगापुढे मांडला. आज आपल्या दारात नळ आहे. परंतु त्या नळातून येणारे पाणी निर्धोक आहे काय, हे पाहण्याची जबाबदारी आता आपली आहे.

प्रथम एक फरक लक्षात घ्यावा. धोका म्हणजे अपाय करू शकणारी गोष्ट. ती गोष्ट माणसापर्यंत पोहोचून अपाय होण्याची शक्यता म्हणजे जोखीम. उघडे गटार हा धोका होय. पण त्याच गटारातून पिण्याच्या पाण्याची फुटकी नळी गेली असेल, तर ती मोठी जोखीम ठरते. पाणी ठरावीक वेळीच सोडले जाते. ते बंद झाले की नळीतला दाब कमी होतो आणि गळक्या सांध्यातून घाण आत ओढली जाते. कोणी नळाला थेट मोटार लावली, तर हे अधिकच होते. पाणी दिसायला स्वच्छ असले तरी अतिसार, कावीळ, विषमज्वर त्यातूनच येतात.

भगवान बुद्धांनी चार आर्यसत्ये सांगितली. तोच क्रम वस्तीच्या पाहणीलाही लागू पडतो.

१) दुःख : गेल्या तीन महिन्यांत कोणत्या घरी जुलाब, कावीळ, डेंग्यू किंवा लेप्टोस्पायरोसिस झाला, याची घरोघर नोंद करावी.

२) कारण : वस्तीचा साधा नकाशा काढून त्यावर नळ, गटारे, संडास, कचऱ्याचे ढीग, पाणी तुंबण्याच्या जागा आणि आजारी घरे दाखवावीत. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली. ती ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती दाटलेली दिसली. त्या पंपाचा दांडा काढण्यात आला.

३) निरोध : प्रत्येक धोक्याला शक्यतेचे १ ते ३ आणि गांभीर्याचे १ ते ३ गुण देऊन गुणाकार करावा. उदाहरणार्थ, गटारातली फुटकी नळी ३ × ३ = ९; उघडे पिंप २ × ३ = ६; दुर्गंधी सुटलेला, पण घरांपासून दूर असलेला कचरा ३ × १ = ३. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध यांच्या घरांना आधी प्राधान्य द्यावे.

४) मार्ग : ज्याचे गुण अधिक, त्याचा उपाय आधी करावा.

येथेच आपली चूक होते. नाकाला जे झोंबते त्याचीच तक्रार आपण प्रथम करतो. परंतु डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतो, आणि दूषित पाण्याला अनेकदा वासही नसतो.

फुलपाड्याला लागूनच पापडखिंडीचे धरण आहे, तरीही 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आपल्याला नवी नाही. पाणी रोज पुरेसे येत नाही, म्हणून घरोघरी पिंपे भरली जातात. ती झाकून ठेवावीत आणि आठवड्यातून एक दिवस रिकामी करून आतून घासावीत. डासाची अंडी पिंपाच्या कडेला चिकटलेली असतात. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही, हे ओटी चाचणीने कळते. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले होते. अशा पाण्यातून चालावे लागल्यानंतर ताप आला, तर अंगावर न काढता डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

फुटकी नळी मात्र एका घराने दुरुस्त होत नाही. नोंदवही आणि नकाशा जोडून सर्वांच्या सह्यांचा अर्ज महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात द्यावा व त्याची पोच घ्यावी. "आमच्याकडे घाण आहे" या तक्रारीपेक्षा "या नळीवरील वीस घरांपैकी सात घरांत जुलाब झाले" हे वाक्य टाळणे कठीण असते. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, याचा वस्तीपुरता अर्थ हाच.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय : आपल्या गल्लीतील दहा घरांची पाहणी करा, तीन धोक्यांना गुण द्या आणि पुढील रविवारी विहारात वाचून दाखवा.

नमो बुद्धाय! जयभीम!