तारीख नसलेल्या पुस्तिकेची तारीख

भीमगीतांच्या पुस्तिका, जलशांची पदे, जयंतीची शुभेच्छापत्रे, लग्नमंडपात वाटलेली छापील मंगलगीते हे आपल्या समाजाचे कागदावरचे धन आहे. ग्रंथालयांच्या कपाटांत मात्र त्याला फारशी जागा मिळालेली नाही. सोळा पानांची, एका फर्म्यात छापलेली, पातळ रंगीत मुखपृष्ठाची पुस्तिका गायनाच्या कार्यक्रमात विकत घेतली जाई, खिशातून घरी येई, घरातल्या सर्वांना मुखोद्गत होई आणि वापरून वापरून फाटून जाई. जी गाणी लोकांना अधिक आवडली, त्यांचे कागद अधिक लवकर नष्ट झाले.

दुसरीकडे एक विचित्र गोष्ट दिसते. ब्रिटिश सरकारने ज्या राष्ट्रीय गीतांच्या पुस्तिका जप्त केल्या, त्यांतील पुष्कळशा आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहेत. सरकारला ज्यांची भीती वाटली ते कागद सरकारनेच जपले. जातिव्यवस्थेविरुद्ध गाणाऱ्या जलशांच्या पुस्तिकांना असा रखवालदार मिळाला नाही. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची नोंद देते. तिचे ऋण प्रत्येक अभ्यासकाने मानले पाहिजे. परंतु जी पुस्तिका छापखान्यातून थेट मंडपात गेली, ती सूचिकाराच्या हाती तरी कशी पडावी? १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक झाले. दोन आण्यांची पुस्तिका काढणाऱ्या शाहिराला हा कायदा ठाऊक असण्याचा संभव कमीच.

म्हणून हे काम आपल्याकडे येते. सोलापुरात गिरण्या बंद पडल्या, चाळी रिकाम्या झाल्या, घरे बदलली. प्रत्येक स्थलांतरात एखादी पत्र्याची पेटी रद्दीवाल्याकडे जाते. गाण्याची चाल ज्यांना आठवते अशी माणसे तर त्याहून वेगाने कमी होत आहेत.

संग्रह करणे तुलनेने सोपे. अवघड आहे ती नोंद. यांतील बहुतेक पुस्तिकांवर प्रकाशनवर्ष नसते, आणि मुखपृष्ठ गळून पडले की लेखकाचे नावही जाते. अशा वेळी कागदालाच बोलते करावे लागते.

प्रथम शेवटच्या पानाचा तळ पाहावा. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण देणे सक्तीचे केले होते. बारीक अक्षरांतली ती ओळ वाचक सहसा पाहत नाही, पण पुस्तिका सोलापुरात छापली की पुण्यात, हे तीच सांगते. त्यानंतर किंमत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली. ‘नया’ हा शब्द १ जून १९६४ पासून वगळण्यात आला. म्हणजे ‘न. पै.’ अशी किंमत असेल तर ती पुस्तिका साधारण या सात वर्षांतील. आण्यांतली किंमत बहुधा त्याआधीची. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. ‘मुंबई राज्य’ असा उल्लेख १ मे १९६० च्या अलीकडे सहसा येऊ नये.

गाण्याच्या माथ्यावरची ‘चाल’ हा सर्वांत रसाळ पुरावा. सिनेमाच्या चालीवर गाणे बांधले म्हणून नाक मुरडणारे विद्वान पुष्कळ भेटतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्या चालीचे आभारच मानावेत. ‘रतन’ १९४४ चा, ‘अनारकली’ १९५३ चा, ‘नागिन’ १९५४ चा. ‘नागिन’मधील गाण्याची चाल दिलेली पुस्तिका १९५४ च्या आधीची असूच शकत नाही. नंतरची कितीही असू शकेल, कारण लोकप्रिय चाल पुढे वर्षानुवर्षे चालते. चाल खालची मर्यादा देते, वरची देत नाही.

भाषाही साक्ष देते. ‘जोहार’ की ‘जयभीम’, ‘अस्पृश्य बंधू’ की ‘बौद्ध बांधव’, याकडे लक्ष द्यावे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर हा शब्दसंग्रह झपाट्याने पालटला. शुद्धलेखनाचे १९६२ चे नियम आल्यावर ‘करूं’, ‘मुलें’ यांवरील अनुच्चारित अनुस्वार हळूहळू गेले. पण यावर एकट्यावर विसंबू नये. जुन्या वळणाचा खिळे जुळवणारा कारागीर नवे नियम मुकाट्याने बाजूला ठेवीत असे.

आता समजा, मुखपृष्ठ नसलेली एक पुस्तिका हाती आली. एका गाण्यावर ‘नागिन’ची चाल आहे, आत धम्मदीक्षेचा उल्लेख आहे, मागील पानावरच्या जाहिरातीत ‘२५ न. पै.’ अशी किंमत आहे आणि प्रकाशकाच्या पत्त्यात मुंबई राज्य आहे. चार धागे एकत्र केले की काळ १९५७ ते १९६० इतका आवळला जातो. नोंदवहीत हे वर्ष चौकटी कंसात लिहावे आणि शेजारी कारणे द्यावीत. जे छापलेले आहे ते आणि आपण अनुमानाने काढलेले आहे ते कधीही एकत्र मिसळू नये.

कर्ता शोधताना शेवटचे कडवे वाचावे. शाहिरी परंपरेत कवी तेथे आपले नाव गुंफतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या रचनांत ‘वामन’ ही नाममुद्रा अशीच येते. तथापि गाणे एका गायन पार्टीकडून दुसरीकडे जाताना नाव बदलण्याचा धोका असतो. म्हणून एकाच गाण्याच्या दोन प्रती मिळाल्या तर दुसरी टाकून देऊ नये; पाठभेद तेथेच सापडतात. भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलशांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि डॉ. कृष्णा किरवले यांनी आंबेडकरी शाहिरीचा शोध घेतला, त्यामुळे पडताळणीला आज आधार आहे.

शुभेच्छापत्रांचे काम थोडे सुकर, कारण पाकिटावर टपालाचा शिक्का असतो. पाकीट हरवले असेल तर चित्र पाहावे. संसदेच्या आवारातील बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण १९६७ साली झाले. त्या पुतळ्यावरून काढलेले चित्र अर्थातच त्यानंतरचे. कार्ड पाकिटापासून वेगळे करू नये, आणि आतला हाताने लिहिलेला मजकूरही नोंदीत उतरवून घ्यावा. पहिल्या पगारातून गावी धाडलेल्या कार्डावरच्या दोन ओळी एखाद्या अहवालापेक्षा अधिक सांगून जातात.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना काही विनंत्या. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये. गंजलेली पिन सावकाश काढून पाने स्वच्छ सुती कापडात सपाट ठेवावीत. मूळ प्रत देणे जिवावर येत असेल तर देऊ नये. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि प्रत्येक पान उजेडात टिपलेली छायाचित्रेही चालतील, मात्र एकही पान गाळू नये, जाहिरातीचे तर मुळीच नाही. सोबत एका चिठ्ठीवर पुस्तिका कोणाच्या पेटीत होती, कोणत्या वस्तीत, घरात ती कोण गात असे, एवढे लिहावे. ज्या आजींना चाल येते त्यांचे गाणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून, त्यांचे नाव व दिनांक सांगून, त्याच क्रमांकाखाली जोडावे. कडेला कोणी पेन्सिलीने नाव लिहिले असेल तर ते खोडू नये.