पिवळट हिरा दिवसा पांढरा का दिसतो?

दुपारी बांद्रे-कुर्ला संकुलातील हिरेबाजारात खिडकीपाशी पाहून घेतलेला हिरा रात्री जोगेश्वरीच्या दुकानात एल.ई.डी. दिव्याखाली एकदम पिवळट दिसतो. घेणाऱ्याला वाटते माल बदलला. देणारा कसम खाऊन सांगतो की तोच आहे. अशा तंट्यात पुष्कळदा हिरा खरोखर तोच असतो, बदललेला असतो तो उजेड. जडाई करणारा कारागीर मात्र मध्ये सापडतो, कारण हिरा शेवटी त्याच्याच हातातून गेलेला असतो. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

बाजारात याला फ्लोरोसन्स म्हणतात, पाठ्यपुस्तकात प्रतिदीप्ती. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण हिऱ्यावर पडले की काही हिरे स्वतः उजेड देऊ लागतात. किरण थांबले की हा उजेडही थांबतो. साधारण 25 ते 35 टक्के हिऱ्यांत हा गुण कमीजास्त प्रमाणात असतो आणि अशा शंभरांपैकी 95हून अधिक हिऱ्यांचा उजेड निळा असतो. हिऱ्याच्या कार्बनमध्ये नायट्रोजनचे तीन अणू एका रिकाम्या जागेभोवती बसलेले असले की हा निळा उजेड निघतो.

आता पिवळ्या मालाकडे येऊ. निळा आणि पिवळा हे एकमेकांना मारणारे रंग. सदऱ्याचा पिवळटपणा घालवायला आपण नीळ देतो, तसेच हे आहे. के, एल, एम या रंगाच्या हिऱ्याला जोरदार निळा फ्लोरोसन्स असेल तर दिवसाच्या उजेडात तो समोरून एखाद-दुसऱ्या पायरीने पांढरा भासू शकतो. अमेरिकेतील जी.आय.ए. या संस्थेने 1997 मध्ये ई, जी, आय आणि के रंगाच्या हिऱ्यांचे संच माणसांना दाखवून हे तपासले होते. जोरदार निळे हिरे वरून, म्हणजे टेबल वर ठेवून पाहिले असता रंगाने थोडे सरस वाटले. फरक लहान होता, आणि ज्यांना हिऱ्याची सवय नव्हती त्यांना तो बहुधा कळलाच नाही. प्रयोगशाळा मात्र रंग ठरवताना हिरा उलटा ठेवून बाजूने पाहते. त्यामुळे प्रमाणपत्रावरचा एल आणि अंगठीतला एल वेगळे वाटू शकतात.

तपकिरी मालाला हा हिशेब तितकासा लागू पडत नाही. निळा उजेड पिवळ्याला कापतो, पण तपकिरीतला काळसरपणा त्याने जात नाही. एखाद्या हिऱ्याचा उजेडच पिवळा असेल तर काम उलटे होते, दिवसा तो आणखी पिवळा दिसतो. फार जोरदार निळ्यांपैकी काही थोडे हिरे तेलकट, धुरकट दिसतात. दक्षिण आफ्रिकेच्या एका जुन्या खाणीवरून अशा पिवळट पण निळसर झाक मारणाऱ्या मालाला जगाच्या बाजारात ‘प्रीमियर’ नाव पडले. असे हिरे प्रत्यक्षात फारच कमी निघतात. पण बदनामी सगळ्यांची होते!

रात्री हा गुण का हरवतो? पांढऱ्या एल.ई.डी. दिव्यात अतिनील किरण जवळजवळ नसतातच. जुन्या ट्यूबलाइटमध्ये थोडे असतात आणि ट्यूबच्या अगदी जवळ हिरा नेला तर परिणाम दिसतो. सूर्यप्रकाशात भरपूर असतात आणि साध्या काचेतून ते बरेचसे आत येतात. म्हणून पिवळट माल घेताना तो दोन उजेडांत पाहावा, एकदा खिडकीत आणि एकदा एल.ई.डी.खाली. गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या हॉलमध्ये दुसराच उजेड असणार आहे.

तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. नोटा तपासायचा अतिनील दिवा अनेक दुकानांत असतो, तो चालतो. खोलीत अंधार करून हिरा काळ्या कापडावर ठेवावा. पडीक्यात ठेवून पाहू नये. पडीक्याच्या आतला कागद पुष्कळदा मुद्दाम निळसर असतो, त्यावर पिवळा माल एरवीही पांढरा दिसतो. पांढऱ्या कागदाला तर स्वतःचाच निळा उजेड असतो. दिव्याकडे मात्र टक लावून पाहू नये, डोळ्यांना इजा होते.

सर्वांत जास्त घोटाळा जोडीच्या मालात होतो. सात-सात हिऱ्यांच्या कुड्या घ्या. चौदाही हिरे एल रंगाचे असले, पण त्यांतील तीन जोरदार निळे असले तर दुकानात जोडी बरोबर दिसेल आणि उन्हात तीन हिरे वेगळे पडतील. जडवण्याआधी चौदाही हिरे दिव्याखाली एकदा फिरवून घेतले तर दाढ उकरण्याची मेहनत वाचते. उलट, जुन्या जडावाच्या दागिन्यात सगळे हिरे अगदी एकसारखे चमकले तर जरा थांबावे. खाणीतला मिसळीचा माल बहुधा कुठे जोरदार, कुठे फिका, कुठे काळा असाच दिसतो. ही फक्त शंकेची खूण आहे. प्रयोगशाळेत बनवलेला हिरा ओळखायला यंत्रच लागते.

भावाचे सांगायचे तर डी ते एफ रंगात जोरदार निळा असेल तर बाजार भाव कापतो. के ते एम रंगात तसा तो फारसा कापत नाही, कधी किंचित चढाही देतो. पण दलाल ‘ब्लू-व्हाइट’ म्हणून एल रंगाच्या मालाला जे रंगाचा भाव मागू लागला तर देऊ नये. संध्याकाळी सहानंतर तो एलच आहे. विकतानाही बिलावर रंगाबरोबर फ्लोरोसन्स लिहावा आणि गिऱ्हाइकाला दागिना दोन्ही उजेडांत दाखवून मगच पैसे घ्यावेत.