लष्करी जिप्सी येडशीच्या रस्त्यावर

प्रश्न : लष्कराने लिलावात काढलेली जिप्सी विकत घेऊन येडशीत वापरता येईल का?

लष्कराच्या सेवेतून निघालेली गाडी नागरिकाला घेता येते. अडते ते कागदांवर. असे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन होतात. बोलीआधी गाडी वापरासाठी विकली जाते आहे की भंगार म्हणून, हे वाचणे सर्वांत महत्त्वाचे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या बहुतेक सरकारी गाड्या भंगारातच काढाव्या लागतात.

लष्करी गाडीची नोंदणी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६० खाली होते. ती सेवा संपली की गाडीला सर्वसामान्य नोंदणी लागते. त्यासाठी धाराशिवच्या आरटीओत नमुना २० मधील अर्जासोबत संबंधित लष्करी अधिकाऱ्यांचा नमुना २१ मधील मूळ विक्री दाखला द्यावा लागतो. दलालाकडच्या झेरॉक्सचा इथे उपयोग नाही. रंगही बदलावा लागतो, कारण ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. हौशी मंडळींचा जीव नेमका याच रंगात अडकलेला असतो!

डेपोत उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही आतून कडक झालेले असतात. बाजूवरच्या चार आकड्यांतून निर्मितीचा आठवडा आणि वर्ष कळते. ब्रेकचे रबर, होसपाइप आणि तेल बदलल्याशिवाय रामलिंगचा घाट उतरू नये. उतारावर खालचा गिअर ठेवावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावल्यास वळणावर गिअरयंत्रणेवर ताण येतो; ते चिखलासाठी असते.