तीव्र मध्यमावर मुक्काम

प्रश्न : मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. मुलगा 'ब्लॅक सॅबथ' हा बँड ऐकत असतो. हे लोक मुळात ब्लूज वाजवायचे म्हणे. मग त्यांचा आवाज इतका जड, काळोखा कसा झाला?
— एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)

उत्तर : पेटी घ्याच. पांढरी पाच दाबा, मग तीच वरच्या सप्तकात, आणि तिथून खाली उतरून काळी एक. अगदी सावकाश. 1970च्या पहिल्या रेकॉर्डमधलं बँडच्याच नावाचं गाणं या तीन सुरांवर उभं आहे. पांढरी पाचला सा मानलं तर काळी एक म्हणजे तीव्र मध्यम. यमनात तो गोड लागतो, कारण गंधार-पंचम सोबतीला असतात. इथे त्याला एकटं सोडलंय. ब्लूजमध्येही तो असतोच. पण वाजवणारा त्यावरून घसरत पुढे जातो. गिटारवादक टोनी आयोमीने तिथेच मुक्काम ठोकला. म्हणजे ब्लूज सुटला नाही, त्यातली एक अवघड जागा ताणली गेली.

1968 साली बर्मिंगहॅममध्ये जमलेल्या या बँडने पहिलं नाव 'पोल्का टल्क ब्लूज बँड' असं ठेवलं होतं. पहिल्या रेकॉर्डवरच्या 'द विझर्ड'मध्ये गायक ऑझी ऑस्बोर्नची हार्मोनिका आहे. तुम्हाला ब्लूज सापडेल तो तिथे.

जडपणाचं मूळ मात्र कारखान्यात. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटं! प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या, तारा पातळ लावल्या. पुढे 1971च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'तल्या काही गाण्यांत गिटार पांढरी तीनवरून काळी एकवर उतरवली. तार सैल, बोटांना आराम, आणि आवाज एकदम दाट. तुम्ही गायकाच्या गळ्यासाठी पट्टी उतरवता; इथे बोटांसाठी उतरवली.

पुढे 1973च्या रेकॉर्डमध्ये सिंथेसायझरही ऐकू येतो. ऑझीच्या जागी आलेल्या रॉनी जेम्स डिओबरोबर 1980मध्ये गाणी भव्य झाली, ब्लूज जवळजवळ संपला. (मुलगा डिओचा भक्त असेल तर हे वाक्य त्याला दाखवू नका.) 2013च्या '13' या रेकॉर्डसाठी ऑझी परतला, आणि 'डॅमेज्ड सोल'मध्ये त्याची हार्मोनिकाही, चाल मात्र 'द विझर्ड'पेक्षा कितीतरी संथ.