ग्रहांची रांग पाठ झाली, आता पुढे

चि. ईशास,


बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून ही नावं तू एका दमात म्हणून दाखवतेस, असं तुझी आई फोनवर सांगत होती. ऐकून फार बरं वाटलं. पण तिथेच थांबू नकोस. हा क्रम लागला कसा, हे विचारायला शीक. सूर्यमालेच्या बाहेर उभं राहून कुणी ही रांग मोजली नाही. जुन्या लोकांनी ती शनीपर्यंत पृथ्वीवरूनच, नुसत्या डोळ्यांनी पाहून ताडली.

शुक्रापासून सुरुवात कर. तो पहाटे पूर्वेला नाहीतर संध्याकाळी पश्चिमेला दिसतो; आपल्याकडे मध्यरात्री कधीच नाही. सूर्यापासून 47 अंशांपलीकडे तो जात नाही, आणि बुध तर 28 अंशांपलीकडेही नाही. म्हणजे दोघांच्या कक्षा आपल्या आत, आणि त्यातही बुध सूर्याच्या अधिक जवळ. मंगळ, गुरू, शनी मात्र मध्यरात्रीही माथ्यावर येऊ शकतात. म्हणून ते आपल्या बाहेरचे.

बाहेरच्यांत जवळचा कोण आणि लांबचा कोण, हे चालीवरून कळतं: जो हळू, तो लांब. गुरू एका राशीत साधारण वर्षभर असतो. बारा वर्षांनी तो पुन्हा सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो. शनीला एका राशीला अडीच वर्षं लागतात; तीन राशींची मिळून साडेसात. घरात साडेसातीचा विषय निघाला तर घाबरू नकोस, आणि मोठ्यांची थट्टाही करू नकोस. एवढं मात्र मनाशी पक्कं ठेव, की हा आकडा शनीच्या साडेएकोणतीस वर्षांच्या प्रदक्षिणेतून आला आहे. त्यावरून शनी किती लांब आहे ते कळतं, तुझं नशीब कळत नाही.

चाल आणि अंतर यांचं नेमकं नातं केप्लरने 1619 मध्ये मांडलं. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं अंतर 1 धरलं तर गुरूचं 5.2 येतं. त्याचा घन कर, 140.6. त्याचं वर्गमूळ काढ, 11.86. हीच गुरूच्या प्रदक्षिणेची वर्षं! शनीचं अंतर 9.54 आहे; त्याचं गणित तू कर.

ग्रहांच्या गतीच्या नियमांवर माणसांचा केवढा भरवसा बसला, ते नेपच्यूनच्या शोधात दिसतं. युरेनस हिशेबाने असायला हवा त्या जागी सापडेना. पलीकडून कुणीतरी त्याला ओढत असणार, असं धरून फ्रान्सच्या ल व्हेरिएने कागदावर त्या ग्रहाची जागा काढली. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गालेने तिकडे दुर्बीण वळवली, आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून मिळाला.

आणखी एक. पुस्तकातल्या चित्रात ग्रह सरळ रेषेत, जवळजवळ सारख्या अंतरावर असतात, ते पानावर मावावेत म्हणून. अंगणात सूर्यासाठी खडूची खूण कर. पृथ्वी एका पावलावर ठेवलीस तर मंगळ दीड पावलावर, गुरू पाचावर, शनी साडेनऊवर, युरेनस एकोणीसवर आणि नेपच्यून तिसाव्या पावलावर येईल. शिवाय ते एका रेषेत उभे नसतात. प्रत्येक जण आपापल्या वाटेवर कुठेतरी असतो.

आता एक काम सांगते. कोरी वही घे. गुरू दिसेल तेव्हा त्याच्या आसपासचे तारे काढून त्याची जागा दाखव आणि तारीख घाल. दर महिन्याला नवं चित्र काढ. मध्ये चारेक महिने तो उलटा चालताना दिसेल, त्याला वक्री म्हणतात. तसं का होतं, हे मला लगेच विचारू नकोस. पृथ्वी आणि गुरू यांच्या कक्षा काढ, दोघांना आपापल्या वेगाने पुढे सरकव आणि आधी स्वतः उत्तर शोध. मग मला लिही.

तुझी,
आत्या