पूरग्रस्तांना मदत : काय द्यावी, कोठे द्यावी?

चक्रीवादळाचा तडाखा कामठीला सहसा बसत नाही. आपल्याकडे संकट येते ते नदीवाटे. जुलै १९९१ मध्ये वर्धा नदीच्या पुरात आपल्याच जिल्ह्यातील मोवाडला दोनशेहून अधिक माणसे दगावली. ऑगस्ट २०२० मध्ये कन्हानकाठच्या गावांत पाणी शिरले.

पूर ओसरला तरी दूषित पाण्याचा धोका उरतोच. जुलाब, कावीळ, विषमज्वर त्यातूनच पसरतात. पाणी उकळून प्यावे. किंवा गाळून, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात क्लोरीनची गोळी टाकावी व अर्ध्या तासाने वापरावे. जुलाब लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. मूल सुस्त झाले, लघवी कमी झाली, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

अशा वेळी काहीजण घरातील उरलेल्या गोळ्या पिशवीत भरून माझ्याकडे आणतात. मी त्या स्वीकारत नाही. मुदत संपलेली औषधे निवडण्यात शिबिरातील डॉक्टरांचा वेळ जातो. फाटक्या कपड्यांचेही तेच.

त्यापेक्षा पैसे द्यावेत. जे हवे तेच घेता येते. मुख्यमंत्री सहायता निधी आहेच. संस्थेला देणार असाल तर तीन गोष्टी पाहा : नोंदणी आहे का, पावती मिळते का, त्या भागात तिचे आधीपासून काम आहे का. पावतीविना फिरणाऱ्या डब्यात पैसे टाकू नका.

आणि थोडी रक्कम महिन्याभरानंतरसाठी राखून ठेवा. तेव्हा मदतीच्या गाड्या थांबलेल्या असतात, विहिरी मात्र साफ व्हायच्या असतात.