शेवट कोणाचा खरा?

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी यावलहून भुसावळची एस. टी. पकडतो. मागच्या एका शनिवारी माझ्या पुढच्या बाकावर आमच्याच शाळेतले नववीचे दोन विद्यार्थी बसले होते. गाडी सुटायच्या आधीच त्यांचा वाद सुरू झाला होता आणि तापीचा पूल आला तरी तो मिटला नव्हता. "नाही भो, तो बेशुद्धच पडलेला आहे. पुढचं सगळं त्याला भास होतोय," असे एक म्हणे. "मग शेवटी श्वास घेतो तो कोण?" असे दुसरा विचारी. मला वाटले, कुणाच्या घरी मोठे आजारपण आहे. काळजीने चौकशी केली, तर दोघेही ओशाळून हसले. प्रकरण एका व्हिडिओ गेमचे होते. थोरल्या भावाच्या कॉम्प्युटरवर दोघांनी मिळून तो पुरा केला होता आणि शेवट काही केल्या त्यांना उमगत नव्हता.

गेमचे नाव 'मास इफेक्ट ३'. कॅनडातील बायोवेअर या कंपनीने तो मार्च २०१२ मध्ये बाजारात आणला. दर पन्नास हजार वर्षांनी अंतराळातून अजस्र यंत्रे येतात आणि आकाशगंगेतील प्रगत संस्कृती कापणी केल्यासारख्या साफ करून जातात, अशी त्याची कथा. शेपर्ड नावाचा सेनाधिकारी त्यांच्याशी लढतो. अखेरच्या धावेत एका यंत्राचा झोत त्याच्यावर आदळतो. तो रक्तबंबाळ अवस्थेत उठतो, वर अवकाशस्थानकात जातो आणि तिथे एका लहान मुलाच्या रूपात काहीतरी त्याच्यासमोर उभे राहते. ते त्याला तीन वाटा दाखवते : यंत्रांचा नाश कर, त्यांच्यावर ताबा मिळव किंवा सजीव आणि यंत्रे यांचा मिलाफ घडव. नाशाची वाट घेतली आणि पूर्वतयारी भरपूर असली, तर शेवटी क्षणभर दिसते की ढिगाऱ्यात पडलेले कुणीतरी श्वास घेत आहे.

हा शेवट जगभरच्या खेळाडूंना पटला नाही. कित्येक चिडले. काहींनी मात्र चिडण्याऐवजी शोध सुरू केला. गेममध्ये ही यंत्रे माणसाच्या मनावर हळूहळू कब्जा करतात असे आधीपासून सांगितलेले आहे. तेव्हा या मंडळींनी अशी उपपत्ती मांडली की, झोत आदळल्यानंतरचे सारे शेपर्डच्या मनातच घडते. यंत्रे त्याचे मन जिंकू पाहत आहेत आणि तो आतल्या आत झुंजत आहे. पुरावेही त्यांनी चिकाटीने गोळा केले. तो लहान मुलगा पहिल्या प्रसंगापासून शेपर्डशिवाय कुणाला दिसतच नाही. शेपर्डच्या स्वप्नातली काळी झाडे शेवटच्या धावेनंतर त्याच्या आजूबाजूला उगवतात. श्वास घेणारा देह ज्या ढिगाऱ्यात आहे, तो अवकाशस्थानकाचा नसून जमिनीवरच्या इमारतीचा वाटतो.

तुम्ही म्हणाल, विज्ञानाच्या मासिकात खेळाचे काय काम? पण जरा पाहा, हे लोक काय करत होते. निरीक्षण, नोंद, नोंदींना एका सूत्रात ओवणारा तर्क. कुणी न सांगता, मार्कांची आशा नसताना, ते जवळजवळ शास्त्रज्ञासारखे वागत होते. जवळजवळ म्हणतो, कारण पुढची एक पायरी राहून गेली होती. ती मी त्या बाकावरच्या मुलाला विचारली : "असं काय दिसलं, तर तू तुझं मत सोडशील?"

तो विचार करून म्हणाला, "काहीच नाही, सर. काहीही दिसलं तरी ते भासातच दिसणार ना!"

हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. त्याला वाटले, आपली तटबंदी अभेद्य आहे. पण ही बळकटी नव्हे, हे दुखणे आहे. जी उपपत्ती घडलेल्या गोष्टीचाही अर्थ लावते आणि तिच्या नेमक्या उलट गोष्टीचाही लावते, ती वास्तविक काहीच सांगत नाही. उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, हे भाकित कधीच चुकत नाही. पण त्यावर कोणता शेतकरी कपाशी पेरील? कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने १९३४ साली हाच मुद्दा मांडला : जे विधान अनुभवाने खोटे ठरण्याची सोयच ठेवत नाही, ते विज्ञानाचे विधान नव्हे.

गेमच्या चाहत्यांपैकी काहींनी मात्र एक धाडस केले होते, ते सांगितलेच पाहिजे. खरा शेवट दडवून ठेवला आहे आणि तो नंतर बाहेर येईल, असे भाकित त्यांनी केले. जून २०१२ मध्ये कंपनीने वाढवलेला शेवट फुकट दिला. त्यात आधीच्याच वाटांचे परिणाम खुलासेवार दाखवले होते. भासाचा उलगडा कुठेही नव्हता. भाकित चुकले. तरीही अनेकांनी उपपत्ती सोडली नाही. हा नवा शेवटही भासाचाच भाग, असे म्हणून ते मोकळे झाले.

आता उलट बाजूचे उदाहरण पाहू. १९४८ साली हर्मन बाँडी, टॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉईल यांनी स्थिर स्थितीचे विश्व ही कल्पना मांडली. विश्व प्रसरण पावते, पण दीर्घिकांमधल्या वाढत्या जागेत अगदी थोडे नवे द्रव्य निर्माण होत राहते. त्यामुळे विश्व पूर्वीही असेच दिसत होते आणि पुढेही असेच दिसेल. या उपपत्तीने आपली मान स्वतःच सुरीखाली ठेवली होती. कशी? दूरच्या वस्तूचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला फार काळ लागतो, म्हणजे दूरवर पाहणे हे भूतकाळात पाहणे होय. विश्व सदा सारखेच असेल, तर दूरच्या आणि जवळच्या रेडिओ उद्गमांची दाटी सारखी यायला हवी. केंब्रिजच्या मार्टिन राईल यांनी मोजदाद केली आणि १९६१ साली जाहीर केले की, अंधूक, दूरचे उद्गम या हिशेबापेक्षा जास्त भरतात. त्या वेळी हॉईल यांच्या हाताखाली एक तरुण संशोधन करत होता. वय २२. हॉईल यांच्याबरोबर त्याने राईल यांच्या निष्कर्षाला उत्तर मांडले. त्याचे नाव जयंत विष्णू नारळीकर.

१९६५ साली पेन्झिअस आणि विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मतरंगांचा शोध प्रसिद्ध केला. महास्फोटाच्या कल्पनेत हे प्रारण सहज बसत होते. स्थिर स्थितीच्या कल्पनेत नाही. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी त्या कल्पनेची साथ सोडली. नारळीकरांनी पुरती सोडली नाही. १९९३ साली त्यांनी हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर तिचे सुधारलेले रूप मांडले. तेही फारसे कुणी स्वीकारले नाही. नारळीकर अखेरपर्यंत अल्पमतात राहिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची बाजू बरोबर होती असे मी म्हणत नाही. पण ती बाजू हरू शकत होती आणि कोणत्या निरीक्षणाने हरेल हे आधी ठाऊक होते. बाकावरच्या त्या मुलाची बाजू हरूच शकत नव्हती. दोन्हींत केवढा फरक आहे!

याच नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या हे तुम्हाला माहीत असेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही पहिली कथा पाठवली, तीही 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने आणि दुसऱ्याच्या अक्षरात. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. (टोपणनावाची आद्याक्षरे उलटी वाचून पाहा.) कथेला पहिले बक्षीस मिळाले. हा एक लहानसा प्रयोगच म्हणायचा.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मी पुढच्या सोमवारी वर्गात सांगितली. तिचे इंग्रजी रूप एन. सी. ई. आर. टी.च्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी येथेच थांबून आधी ती मिळवावी, कारण पुढे मी शेवट सांगणार आहे.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना ट्रकची धडक बसते. त्यानंतर ते पुण्याहून मुंबईला जातात आणि पाहतात तो काय, मुंबई इंग्रजांच्या ताब्यात आहे! ज्या कचेरीत मुलगा असायला हवा, तिथे त्या नावाचे कुणी नाही. पंत ग्रंथालयात जाऊन स्वतःच लिहिलेले इतिहासाचे पाच खंड मागवतात. पाचव्या खंडात लिहिले आहे की, पानिपतावर मराठे जिंकले. भाऊसाहेबांची बखर उघडली, तर विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही, ती तिळभराने चुकून कानाजवळून गेली आहे. (आपल्या इतिहासात १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव गोळी लागून पडले, हे तुम्ही शिकला आहात.) पुढे आझाद मैदानावर एका सभेत पंत अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतात, लोक त्यांना हाकलायला धावतात आणि पंत नाहीसे होतात. सकाळी ते आझाद मैदानावरच सापडतात, पण आपल्या ओळखीच्या जगात. बखर हरवली आहे. खिशात उरले आहे तिचे एक फाटके पान, नेमके गोळी चुकल्याचे. त्यांचा मित्र राजेंद्र आधी म्हणतो की हे मनाचे खेळ. पान पाहिल्यावर मात्र तो विचारात पडतो आणि पंत दुसऱ्या एका जगात जाऊन आले असावेत असे सांगतो.

राजेंद्र दोन गोष्टींचा आधार घेतो. एक, रेने तोम यांची कॅटॅस्ट्रॉफी थिअरी, म्हणजे थोड्याशा बदलाने होणाऱ्या एकाएकी उलथापालथीचे गणित. ते तुम्ही आत्ताच करून पाहू शकता. प्लॅस्टिकची फूटपट्टी दोन्ही तळहातांत उभी धरून टोके दाबा. ती एका बाजूला कमान करते. आता मित्राला तिच्या पोटावर बोटाने हळूहळू उलटा दाब द्यायला सांगा. बराच वेळ ती थोडीथोडीच हलते आणि एका क्षणी फटकन दुसऱ्या बाजूला जाते. मधल्या जागी ती थांबत नाही. पानिपतावरची ती तिळभर वाट अशीच. दुसरा आधार पुंजवादाचा. इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे आधी सांगता येत नाही, केवळ संभाव्यता सांगता येते. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली सुचवले की, सर्व शक्यता आपापल्या जगात खऱ्या होतात. भौतिकशास्त्रज्ञांत यावर आजही एकमत नाही आणि याचा निवाडा करणारा प्रयोगही झालेला नाही. मोठा माणूस एका जगातून दुसऱ्यात उडी मारतो, हे तर केवळ कथाकाराचे स्वातंत्र्य आहे.

गोष्ट संपल्यावर मी फळ्यावर लिहिले : पंतांचे काय झाले? मात्र अट घातली की, जो तर्क मांडील त्याने तो कशाने पडेल हेही सांगायचे.

बसमधला मुलगा लगेच उठला. "सर, धडकेनंतर पंत दवाखान्यात बेशुद्ध होते. सगळं स्वप्न."

"कशाने पडेल?"

या वेळी तो घुटमळला. मग म्हणाला, "त्या दोन दिवसांत पंत इथे कुठेच नव्हते असं निघालं तर." कथेत तसेच आहे. पंत स्वतः विचारतात की, मी इथून नाहीसा होतो ते दोन दिवस होतो कुठे? आपला तर्क आपणच पाडून तो खाली बसला, आणि मला वाटते त्या दिवसातले सर्वांत चांगले उत्तर ते होते.

एक मुलगी म्हणाली, दवाखान्यात नसतील, पण डोक्याला मार लागून भ्रमिष्टासारखे मुंबईत भटकत असतील. हा तर्क टणक निघाला. दोन दिवस जुळतात, आझाद मैदान जुळते. अडते ते एकाच गोष्टीपाशी, फाटक्या पानापाशी. मग वर्ग पानावर तुटून पडला. पंतांनी ते स्वतःच छापून घेतले असेल काय? कागद किती जुना? शाई कोणती? टाइप कोणत्या छापखान्याचा? बखरीच्या आपल्याकडच्या प्रतींशी कागद, मांडणी, पानाचा क्रमांक जुळतो काय? प्रश्न एकाहून एक बिनतोड होते. पण पान आपल्या हातात नाही. कथेत ते फक्त राजेंद्र पाहतो आणि तो ते कुठल्याही प्रयोगशाळेत पाठवत नाही. तेव्हा 'भटकले' आणि 'जाऊन आले' यांतला निवाडा कथेतल्या माहितीवर होत नाही, असे आम्हाला फळ्यावर लिहावे लागले. काही मुले नाराज झाली. आधी ठरवा ना सर, खरे काय ते! पण पुरावा संपला तिथे उत्तर ताणून लांबवता येत नाही.

तास संपता संपता मागच्या बाकावरून एक प्रश्न आला, तो मी तुमच्यासाठी ठेवला आहे. तिकडच्या ग्रंथालयात गंगाधरपंतांचे पाच खंड होते. ते लिहिले कुणी? आपल्या पंतांनी तर नाही. त्यांच्या पाचव्या खंडात मराठे हरलेले असणार. म्हणजे तिकडेही एक गंगाधरपंत आहेत. मग त्या दोन दिवसांत ते कुठे होते? वर्गाने झटपट सांगितले, अदलाबदल! ते इकडे आले असतील. पण मग इकडे कुणाला तरी ते दिसायला हवे होते आणि कथेत तर पंत इथून नाहीसेच झालेले आहेत.

तुमचा तर्क लिहा आणि त्याच्याखाली तो कशाने पडेल तेही लिहा. कथा पुन्हा एकदा वाचून मगच लिहा. आमच्या वर्गाच्या नजरेतून काहीतरी सुटलेले असण्याचा बराच संभव आहे.